कवळी आणि तिचे आधारदात

दात गेले की माणूस दंतवैद्याकडे जातो आणि एकच प्रश्न विचारतो : "कवळी किती वर्षे टिकेल?" प्रश्न स्वाभाविक आहे. वहाण, छत्री, सायकल घेतानाही आपण हेच विचारतो. परंतु अर्धवट कवळीच्या बाबतीत खरा प्रश्न निराळा आहे. ती ज्या दातांना धरून बसणार, ते दात किती वर्षे टिकतील?

आम्ही दंतवैद्य नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. भार कोणी उचलायचा आणि कोणाच्या खांद्यावर तो नकळत जास्त पडतो, एवढाच आमचा अभ्यास. या विषयावरचे लिखाण वाचताना आम्हांला दिसले की, येथेही प्रश्न भाराच्या वाटणीचाच आहे.

काही दात शाबूत असताना गेलेल्या दातांच्या जागी बसवायची, हाताने काढता-घालता येणारी कवळी ती अर्धवट कवळी. तिची बैठक हिरडीवर टेकते, बैठकीवर कृत्रिम दात असतात आणि कड्या शेजारच्या खऱ्या दातांना धरतात. हे धरलेले दात म्हणजे आधारदात. साधी कवळी ॲक्रिलिकची, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकची असते. दुसरीचा सांगाडा बहुधा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा असतो. या सांगाड्यात कडीबरोबरच आधारदातावर बसणारा एक लहानसा टेकू असतो. दिसायला क्षुल्लक, पण काम मोठे! त्याच्यामुळे चावण्याचा भार दाताच्या मुळाच्या दिशेने जातो आणि बैठक हिरडीत रुतत नाही. टेकू नसला की जवळजवळ सारा भार हिरडीवर पडतो आणि कवळी हळूहळू खाली बसते.

अमेरिकेतील एडवर्ड केनेडी यांनी १९२५ साली अशा जबड्यांचे चार वर्ग पाडले. ते आजही शिकवले जातात. दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दाढा गेल्या तर पहिला वर्ग. एकाच बाजूच्या गेल्या तर दुसरा. एका बाजूच्या रिकाम्या जागेच्या मागेपुढे खरे दात असतील तर तिसरा. आणि मध्यरेषा ओलांडणारी समोरची जागा रिकामी असेल तर चौथा. तिसऱ्या वर्गातली कवळी दोन भिंतींवर टेकलेल्या फळीसारखी असते. पहिल्या दोन वर्गांत फळीला एकीकडे भिंत आणि दुसरीकडे नुसती गादी.

ही गादी म्हणजे हिरडी. खरा दात हाडात गच्च रोवलेला नसतो. मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढ्या जाडीच्या तंतूंच्या थराने तो हाडाला जोडलेला असतो. दाबाखाली तो अगदी किंचित हलतो. हिरडी त्याच्या कितीतरी पट दबते. म्हणून घास चावताना कवळीचे मागचे टोक खाली जाते आणि पुढे कडी आधारदाताला पिळते. हे रोज, प्रत्येक घासाला. शिवाय दात काढलेल्या जागेचे हाड वर्षानुवर्षे झिजत राहते. पहिल्या दिवशी चपखल बसलेली बैठक पुढे पोकळ पडते आणि पिळ वाढतो. कडीच्या आड अन्नाचे कण व कीट साचून दात किडतो तो वेगळाच. अशा रीतीने आधार घेणारी वस्तू आधाराच्याच मुळावर येते.

मग कवळी घेऊच नये काय? तसे नव्हे. कार्लसन, हेडेगॉर्ड व कोइवुमा या संशोधकांनी १९६५ मध्ये चार वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. त्यांत आधारदात हलू लागलेले, हिरड्या बिघडलेल्या आणि कीड वाढलेली आढळली. पुढे स्वीडनमधील बर्गमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दहा वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. येथे कवळीची आखणी काळजीपूर्वक केली होती, तोंड स्वच्छ कसे ठेवावे हे रुग्णांना शिकवले होते आणि नियमित तपासणी होत होती. या लोकांच्या आधारदातांच्या हिरड्यांची स्थिती फारशी ढासळली नव्हती. आमच्या मते हा फरक नशिबाचा नव्हे, निगेचा आहे.

नेदरलंड्समधील १९९६ ची एक पाहणीही बोलकी आहे. धातूच्या सांगाड्याच्या कवळ्यांपैकी पाच वर्षांनी शेकडा ७५ आणि दहा वर्षांनी शेकडा ५० वापरात होत्या. परंतु ज्यांच्या आधारदातांवर पुन्हा उपचार करावे लागले नाहीत, अशा कवळ्या पाच वर्षांनी शेकडा ४० च उरल्या. म्हणजे कवळी मोडीत निघण्याच्या आधीच आधारदात दुरुस्तीला येतात.

यातून निघणारे कर्तव्य साधे आहे. कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवावी. हिरडीला तेवढीच विश्रांती. खरे दात, विशेषतः कडीखालची जागा, रोज घासावी. तंबाखू आणि मिश्री हिरड्यांच्या वैरी आहेत. कवळी सैल झाली तर घरच्या पकडीने कडी आवळू नये. सैलपणाचे कारण पुष्कळदा बैठकीखाली पडलेली पोकळी हे असते. ती दंतवैद्याकडून नवे अस्तर घालून भरून घ्यावी. आणि दुखत नसले तरी वर्षातून एकदा तरी तपासणीला जावे.

येथे रोजंदारीवरचा माणूस म्हणेल, "तपासणीचे पैसे द्यायचे, वर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची, हे जमायचे कसे?" ही तक्रार खरी आहे, तिला उपदेशाने उत्तर देता येत नाही. म्हणून आमचे संघटनांना सांगणे आहे की, आरोग्याच्या सवलती मागताना केवळ कवळीचे पैसे मागून थांबू नका. पुढच्या वर्षांची तपासणी आणि त्यासाठी भरपगारी सवड हीही मागणीत घाला. यंत्र घेताना तेलपाण्याचा खर्च न धरणारा मालक शहाणा ठरत नाही. तोंडातल्या उरलेल्या दातांचे मालक आपण आहोत, आणि ते दात पुन्हा उगवत नाहीत.