शपथ, मक्ता आणि मोहफूल

शहापूर-मुरबाडकडे एखाद्याने दारू सोडली, तर ‘त्याने माळ घातली’ एवढेच म्हणतात. तुळशीची माळ गळ्यात आली की पुढचे सांगावे लागत नाही. जिल्ह्याच्या जुन्या इतिहासाची कागदपत्रे चाळू लागलो तेव्हा मीही दारूबंदीचा इतिहास म्हणजे अशा शपथांचा इतिहास, असेच धरून चाललो होतो. शहरातल्या गरिबांत काम करणाऱ्या ख्रिस्ती मद्यपाननिषेधक संस्थांकडे वळलो तेव्हा ही समजूत ढासळली.

या संस्थांची सुरुवात शपथेनेच झाली. 1865 साली विल्यम बूथ यांनी लंडनच्या पूर्व भागातल्या दरिद्री वस्तीत काम सुरू केले. त्यातूनच पुढे ‘साल्व्हेशन आर्मी’, म्हणजे आपली मुक्तिफौज, उभी राहिली. तिचा सैनिक व्हायचे तर दारू कायमची सोडावी लागे. सप्टेंबर 1882 मध्ये फ्रेडरिक टकर मोजक्या सहकाऱ्यांसह मुंबईत उतरले. सनदी नोकरी सोडून आलेला हा गोरा माणूस देशी पोशाखात रस्त्यावरून मिरवणूक काढतो, हे सरकारला रुचले नाही आणि अटका झाल्या.

दुसरा धागा विल्यम केन यांचा. हे बॅप्टिस्ट खासदार लंडनच्या स्टॉकवेल भागात गरिबांसाठी प्रार्थनागृह चालवीत. 1888 साली त्यांनी सॅम्युएल स्मिथ यांच्यासह ‘अँग्लो-इंडियन टेंपरन्स असोसिएशन’ स्थापन केली. हिंदुस्थानात फिरून त्यांनी प्रश्नच उलटा मांडला : पिणाऱ्याला दोष देण्याआधी विकणाऱ्याकडे पाहा, आणि इथे विकण्याचा हक्क लिलावात काढणारे सरकारच आहे. 1889 साली ब्रिटिश संसदेने अबकारी धोरणाविरुद्ध ठरावही केला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 1880 सालीच पुणे नगरपालिकेत दारूच्या गुत्त्यांविरुद्ध आवाज उठवला होता. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांची नजरही गुत्त्याच्या परवान्यावरच होती.

केन यांचे म्हणणे किती खरे होते, हे पाहायला ठाणे जिल्ह्याइतके चांगले ठिकाण नाही. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. पहाटे फुले गळतात. बायका-पोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फूल वाळवून खातात, टंचाईच्या दिवसांत त्यावर निभावतात. त्याची दारूही होते आणि ती लग्नात, मयतात, देवाला लागते. 1878 च्या अबकारी कायद्यानंतर घरगुती गाळप मोडून उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांची दारू मक्तेदारामार्फत विकण्याची पद्धत घट्ट झाली. तरी रानात झाडे उभीच होती. म्हणून 1892 साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. ठाकर, कातकरी, वारली यांच्या घरातले फूल गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू लागले. माणूस पीतच राहिला. फक्त आता पैसे मोजून. ज्याच्याकडे पैसे नव्हते, त्याने उधारीवर.

तिसरा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1927 साली अमेरिकन मराठी मिशनने भायखळ्याजवळ ‘नागपाडा नेबरहुड हाऊस’ सुरू केले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे प्रमुख. माणूस दारूच का पितो, याऐवजी संध्याकाळी त्याला जायला दुसरी जागा कुठे आहे, असा प्रश्न अशा केंद्रांनी विचारला. वर्ग, खेळ, आरोग्य यांची सोय वस्तीतच झाली. याच कामातून 1936 साली टाटांची समाजकार्याची शाळा निघाली. पुढे 1981 साली वांद्र्याला फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ काढले आणि व्यसनाकडे पाप म्हणून न पाहता आजार म्हणून पाहिले. अय्यंगारांचे शिष्य असलेल्या या धर्मगुरूंनी उपचारात योगही आणला.

शपथ, मक्ता, जागा, उपचार : शंभर वर्षांत या मंडळींची नजर अशी सरकत गेली. आमच्या तालुक्यांच्या वाट्याला यातले काय आले? शपथ होतीच. कायदा आला, तो फुलावर. जागा आणि उपचार बहुतांशी शहरातच राहिले.

पावसाळा सरला की आजही इथली कातकरी कुटुंबे ‘जगायला’ भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते. आठवड्याला हाती खर्ची पडते आणि तिचा एक वाटा संध्याकाळी दारूत जातो. 2008 च्या आदेशाने गावातल्या बायकांना मतदानाने ‘आडवी बाटली’ करता येते. पण ते परवान्याच्या दुकानापुरते. हातभट्टीला परवानाच नसतो, मग मत कशावर द्यायचे?

माळ घातलेला माणूस टिकतो, कारण त्याच्यामागे दिंडी असते, भजन असते, एकादशी असते. शपथेला घर लागते, हे आमच्या वारकऱ्यांना आधीच ठाऊक होते. नागपाड्याच्या मंडळींनी तेच आपल्या वाटेने शोधले. भट्टीवरच्या माणसाला मात्र दिवसभराच्या चिखलानंतर जायला अजूनही एकच जागा असते.