मुदत बहात्तर तासांची

यंदाही २९ जुलै आला आणि गेला. १९८७ साली याच दिवशी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी भारत-श्रीलंका करारावर सह्या केल्या. लढाई थांबल्यावर बहात्तर तासांत तमिळ बंडखोर शस्त्रं खाली ठेवतील, असं त्यात होतं. करारानुसार श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेला परतायला बत्तीस महिने लागले. सुमारे बाराशे जवान परतलेच नाहीत.

श्रीलंका सरकार आणि तमिळ गटांच्या करारापूर्वीच्या थिंफूतल्या बैठका आणि त्याआधीच्या वाटाघाटी इतिहासकारांनी बघाव्यात. मला सलतो तो ऐंशीच्या दशकाचा शेवट. प्रभाकरनच्या तमिळ बंडखोर संघटनेची करारावर सहीच नव्हती, तरी दिल्लीत ढोल वाजले. ऑक्टोबरात त्याच संघटनेविरुद्ध शांतिसेनेचं ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जणांपैकी एकच वाचला. नोव्हेंबरात आठव्या महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

आमच्या सातारा भागात घरोघरी फौजी. आंतर्देशीय पत्र यायचं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गाव नाही, नुसता पलटणीचा नंबर आणि ‘एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल. आत एवढंच, ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी.’ मग एखाद्या घरी तार यायची. ‘भांडण मिटवायला गेला होता ना माझा लेक?’ असं विचारणाऱ्या आईला उत्तर द्यायला एकही पुढारी फिरकला नाही.

तिकडच्या तमिळांचीही फसगत झाली. ज्यांना त्यांनी हार घातले, त्यांच्याच गोळ्यांनी जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मेल्या. कराराने कबूल केलेल्या प्रांतिक परिषदेची उत्तरेतली मुदत २०१८ मध्ये संपली. पुढे वर्षानुवर्षं निवडणूक नाही.

मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी मद्रासला उतरली. मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. धोरणावर त्यांचा राग असेल, पण जवान काही आपल्या मर्जीने गेले नव्हते. पुढच्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचाही बळी गेला. मरणाऱ्याशी वैर नाही. पण हिशेब तेवढ्याने मिटत नाही.

आज वाहिन्यांवर चार दिवसांत युद्ध जिंकून दाखवणारे दिसले की जीव जळतो. सैन्य धाडायचा अधिकार सरकारचा, हे मान्य. मात्र दिलेली मुदत टळली, तर त्याच नेत्याने संसदेत उभं राहून कारण सांगावं, आणि ते ऐकायला वीरपत्नींना सन्मानाने बोलवावं. एवढी हिंमत नसेल, तर मुदत देऊच नये.