तालुक्याच्या दवाखान्यापुढचा दवाखाना

गावचा डॉक्टर जनावर तपासतो, दोन-तीन दिवस इंजेक्शने देतो, आणि मग एके सकाळी म्हणतो, "आता हिला कॉलेजच्या दवाखान्यात न्या." हे ऐकले की घरात दोन तट पडतात. म्हातारी माणसे म्हणतात, इतक्या लांब टेंपो करून न्यायचे, आणि तिथे शिकाऊ पोरांच्या हाती जनावर द्यायचे? मालक मनाशी भाड्याचा हिशेब करीत बसतो. घरधनीण मात्र गोठ्यात जाऊन गाईच्या तोंडापुढचा न खाल्लेला कडबा बघून येते. या घालमेलीत दोन दिवस जातात, आणि पुष्कळदा तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात.

हे कॉलेजचे दवाखाने म्हणजे पशुवैद्यकीय महाविद्यालयांची शिकवणीची इस्पितळे. आपल्याकडचे सर्वांत जुने मुंबईत परळला १८८६ साली बाई साकरबाई इस्पितळाच्या आवारात सुरू झाले. नागपूरचे महाविद्यालय १९५८ चे, परभणीचे १९७२ चे, उदगीरचे १९८७ चे आणि पुणे-सातारा रस्त्यावरच्या शिरवळचे १९८८ चे. अकोल्याला पदव्युत्तर शिक्षणाची संस्था आहे. ही सगळी पूर्वी त्या त्या भागातल्या कृषी विद्यापीठांकडे होती. २००० साली नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि ती त्याच्या छत्राखाली आली. परळला आता कुत्र्या-मांजरांची गर्दी अधिक. बाकीच्या ठिकाणी मात्र गाई, म्हशी, बैल, शेळ्या हेच मुख्य रोगी.

शिकाऊ पोरांबद्दलची शंका आधी फेडून टाकू. विद्यार्थी तिथे असतात हे खरे. ते ताप घेतात, नाडी मोजतात, जनावराच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून पोटाची हालचाल पाहतात, मालकाला शंभर प्रश्न विचारतात आणि सगळे केसपेपरवर उतरवतात. मालकाला त्याचा कंटाळा येतो. पण उपचार काय करायचा हे प्राध्यापक ठरवतात आणि अवघड शस्त्रक्रियेत मुख्य हात त्यांचाच असतो. एका आजारी गाईला चार जणांनी चार बाजूंनी पाहावे, हे घाईच्या दवाखान्यात शक्य नसते. इथे ते शिकवणीचाच भाग म्हणून होते. शिवाय क्ष-किरण यंत्र, सोनोग्राफी, रक्त-शेण-लघवी तपासायची प्रयोगशाळा आणि भूल देऊन शस्त्रक्रिया करायची सोय एकाच आवारात असते.

या दवाखान्यांत पुन्हा पुन्हा येणारा एक आजार प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे. तो म्हणजे पोटात गेलेली तार. गाय-म्हैस निवडून खात नाही. जिभेने वैरण ओढते आणि जवळजवळ तशीच गिळते. चावायचे काम मागाहून रवंथात. त्यामुळे पेंढीची तार, पोते शिवायची सुई, मोडका खिळा वैरणीबरोबर पोटात उतरतो. जनावराच्या चार पोटांपैकी दुसरे जाळीदार असते, मधाच्या पोळ्यासारखे. जड वस्तू तिथे जाऊन बसते. हे पोट सारखे आवळत असते, आणि त्या आवळण्याने टोकदार वस्तू पुढे सरकते. पुढे पातळ पडदा आणि त्यापलीकडे काळीज. मधले अंतर काही बोटांचेच.

आता ही तार येते कुठून? वैरणीतून येते, तशी घरातूनही येते. केर काढताना सापडलेली सुई, केसांची पिन, मुलांच्या वहीची टाचणी सुपलीत जाते, आणि उरलेसुरले भाकरीचे तुकडे, भाजीची देठे यांबरोबर गव्हाणीत पडते. केराची सुपली आणि गव्हाण यांची गाठ पडू न देणे हे काम घरच्या बायकामुलांच्या हातचे आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

तार टोचलेल्या गाईचे दूध एकाएकी घटते. ती खात नाही, पाठ किंचित वर काढून उभी राहते, पुढच्या पायांचे कोपरे अंगापासून दूर ठेवते, उतार उतरायला नकार देते. बसताना कण्हते. गाभण गाईत हे शेवटच्या महिन्यांत अधिक दिसते, कारण वाढत्या वासराचा भार पोटाला पुढे रेटतो. या पायरीवर जनावर पोचले, तर उपाय आहे. डाव्या कुशीचे केस काढून तेवढीच जागा बधिर करतात. गाय उभीच असते. मोठे पोट उघडून सर्जन खांद्यापर्यंत हात आत घालतात आणि जाळीतली वस्तू बोटांनी चाचपून काढतात. बघणाऱ्या मालकालाच घाम फुटतो. तारेबरोबर कधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा आणि दोरांचा घट्ट गोळाही निघतो.

पण गळ्याच्या पोळीला सूज आली, मानेची शीर दोरासारखी फुगली, म्हणजे तारेने काळीज गाठले असे समजावे. मग मोठ्या दवाखान्यातही बहुधा फारसे काही करता येत नाही. भाड्याचा हिशेब ज्या दोन दिवसांत चालतो, त्यांची किंमत ही अशी आहे.

म्हशीत दुसरी एक आणीबाणी असते. दिवस भरलेले, कळा देते, ऊठबस करते, पण पाण्याची पिशवी काही दिसत नाही. थोड्या वेळाने शांत होते आणि घरचे म्हणतात, अजून वेळ दिसतो. अशा वेळी पिशवीला पीळ पडलेला असू शकतो. पीळ कोणत्या बाजूचा हे डॉक्टर आत हात घालून ओळखतात, म्हशीला त्या कुशीवर निजवतात, पोटावर फळी ठेवून तिच्यावर एक माणूस उभा करतात आणि म्हशीला पिळाच्याच दिशेने लोळवतात. फळीने पिशवी जागेवर दाबून धरली जाते, अंग फिरते, पीळ सुटतो. नाही सुटला तर पोट फाडून रेडकू काढावे लागते. पहिल्याच दिवशी आणलेल्या म्हशी बऱ्याच वाचतात.

बैलाचे शिंग एका बाजूला कलले, तो सारखे डोके झटकू लागला, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त आले, तर शिंगाच्या कर्करोगाची शंका घ्यावी. वेळेवर शिंग मुळापासून काढले तर बैल पुन्हा कामाला लागू शकतो. लघवी तुंबलेला बैल किंवा बोकड तर एक दिवसही थांबवू नये.

मात्र प्रत्येक जनावर गाडीत घालण्याजोगे नसते. पोट टम्म फुगलेले असेल तर आधी गावातच हवा काढून घ्यावी. व्यालेली गाय आडवी पडून मान कुशीला टाकत असेल तर तिला आधी कॅल्शियम हवे, प्रवास नंतर. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो. लाळ गळते, गिळता येत नाही, म्हणून घशात काही अडकले असेल असे समजून तोंडात हात घालण्याची आपल्याकडे खोड आहे. ते पिसाळण्याचेही लक्षण असते. हात घालू नये. आणि धडधाकट जनावर अचानक मेले, नाका-गुदातून काळसर रक्त आले, तर ते काळपुळीने गेले असू शकते. त्याला चिरू नये, कातडे सोडवू नये, डॉक्टरांना कळवावे.

नेताना टेंपोत वाळू किंवा गवताचा जाड थर घालावा म्हणजे पाय घसरत नाहीत. आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, गाभण असल्यास रेतनाची तारीख आणि दोन दिवसांची ओळखीची वैरण सोबत घ्यावी. परक्या वैरणीला आजारी जनावर तोंड लावत नाही. रोज गोठ्यात वावरणारे माणूस बरोबर असावे. बहुतेक घरी ती घरधनीणच असते, आणि पुरुषमाणसेच टेंपोत बसून जातात! मग तिथे "शेण कसे टाकते?" या प्रश्नाला एकमेकांची तोंडे पाहण्याची पाळी येते.

काही औषधे बाहेरून आणावी लागतात, तेवढे पैसे जवळ असू द्यावेत. शस्त्रक्रियेनंतरचे टाके साधारण दहा-बारा दिवसांनी गावचा डॉक्टरही काढू शकतो, म्हणून परत येताना उपचाराचा कागद मागून घ्यावा. प्रतिजैविकांची इंजेक्शने दिलेली असतील तर किती दिवस दूध डेअरीला घालायचे नाही, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.