सर्व्हर, कुलूप आणि सातबारा

कन्नड तालुक्यातील पिशोर येथे पीककर्जासाठी सातबाऱ्याची नक्कल काढावयास आलेल्या शेतकऱ्याला, पडद्यावर फिरत राहिलेले वर्तुळ दाखवून ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगण्यात येते, तेव्हा त्या एका सर्व्हरच्या माथी किती निरनिराळे दोष मारले जातात, याची कल्पना सांगणाऱ्यासही बहुधा नसते. संगणकांचा परस्परव्यवहार ज्या नियमांनी चालतो, ते प्रोटोकॉल अनेक आहेत. प्रत्येकाची अधिकारकक्षा मर्यादित आहे. आणि एकाचे काम दुसऱ्याकडे लावून दिल्यामुळेच बहुतेक गैरसमज उपजले आहेत.

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणे, एवढेच डीएनएसचे काम. पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था 1983 साली रचली. ‘पत्ता सापडत नाही’ असा मजकूर पडद्यावर उमटला, तर शोध इथेच अडला असून, दूरचा सर्व्हर त्या वेळीही सुखरूप चालू असू शकतो. 500 किंवा 503 असा आकडा दिसला, तर मागणी पलीकडे पोहोचली आणि अडचण तिकडची आहे, असे खुशाल समजावे.

नक्कल सगळीच्या सगळी एकदम येते, हाही भ्रमच. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी 1974 साली मांडलेल्या आणि 1 जानेवारी 1983 पासून आर्पानेट या संगणक-जाळ्यावर रूढ झालेल्या पद्धतीनुसार मजकुराचे साधारणतः 1500 बाइटांपर्यंतचे तुकडे होतात; आयपी प्रत्येक तुकडा पत्त्याबरहुकूम रवाना करतो, मात्र तो पोहोचेलच अशी हमी देत नाही; ती जबाबदारी टीसीपीची, जो तुकड्यांना क्रमांक देतो, पोच मागतो आणि पोच न आल्यास तोच तुकडा पुन्हा धाडतो. रेंज पूर्ण असूनही टॉवरवर गर्दी झाली की ही पुनःप्रेषणे वाढतात आणि वर्तुळ फिरत राहते. यूडीपी हा दुसरा प्रोटोकॉल पोच मागत नाही, म्हणून त्याला कुचकामी ठरविणे अन्यायाचे होय. व्हिडिओ कॉलमध्ये निसटलेला शब्द दोन सेकंदांनी येऊन कोणाच्या उपयोगी पडणार?

सर्वांत घातक गैरसमज मात्र संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारील कुलपाच्या चिन्हाविषयीचा आहे. ते चिन्ह ज्याचे, तो एचटीटीपीएस वाटेतला मजकूर गुप्त व अविकृत राखतो आणि पलीकडचा संगणक त्या नावाच्या धन्याचाच आहे, याची ग्वाही देतो. तो धनी प्रामाणिक आहे की ठक, यासंबंधी ते कुलूप सर्वस्वी मूक आहे. ही ग्वाही ज्यावर आधारलेली असते, ते प्रमाणपत्र आज विनामूल्य मिळते, आणि ठकासही मिळते. कुलूप म्हणजे प्रामाणिकपणाची खूण, हा भ्रम इतका बळावला की गूगलने 2023 साली क्रोममधून ते चिन्हच काढून टाकले. म्हणून पैसे भरण्यापूर्वी नाव वाचावे, आणि ते शेवटाकडून वाचावे: ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेआधी ‘डॉट गव्ह डॉट इन’ हीच अखेर असली, तर स्थळ सरकारी, त्यापुढे आणखी एखादा डॉट लागून काही आले, तर मालक कोणी तिसराच.

शिवाय एचटीटीपीएसचा अंमल उतरवून घेण्यापुरताच असतो. फाइल मोबाइलमध्ये पडली आणि व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरू लागली, की मूळ स्थळाच्या कुलपाचा तिच्याशी संबंध तुटतो. त्यानंतर मजकुरात कोणी फेरफार केला आहे की नाही, हे नकलेवरील डिजिटल स्वाक्षरी व पडताळणी क्रमांक यांवरूनच ताडावे लागते, आणि पंधरा रुपये भरून घेतलेल्या स्वाक्षरीयुक्त सातबाऱ्याचे महत्त्व नेमके तेथे आहे.