आकाशाच्या नोंदी आणि संगणकाची आज्ञावली

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून उर्वरित १६ तीन भुजांवर दूरवर विखुरल्या आहेत. दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींचे पुढे काय होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

नोंदींपासून चित्रापर्यंत

रेडिओ दुर्बीण छायाचित्र घेत नाही. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी काही सेकंदांच्या अंतराने, अनेक वारंवारतांवर, आकड्यांची नोंद करीत असते. या राशीतून चित्र मिळविण्यासाठी ठरावीक पायऱ्या ओलांडाव्या लागतात. प्रथम विजेच्या तारांवरील ठिणग्या, भ्रमणध्वनी इत्यादींमुळे दूषित झालेल्या नोंदी वगळाव्या लागतात. नंतर ज्याचे तेज आधीच ठाऊक आहे अशा स्रोताशी ताडून मोजमापाचे प्रमाण निश्चित केले जाते. त्यानंतर चित्र तयार होते. वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरामुळे ते विस्कटलेले असते. म्हणून दुरुस्ती करून पुनःपुन्हा चित्र काढावे लागते.

एका क्षेत्रासाठी हे काम अनुभवी संशोधक हाताने करू शकतो. परंतु क्षेत्रे हजारोंच्या संख्येने असली, तर त्याचे आयुष्यही अपुरे पडेल.

आज्ञावलीचे कार्य

येथे आज्ञावली उपयोगी पडते. संशोधक जो निर्णय डोळ्यांनी पाहून घेतो, तो नियमाच्या रूपात लिहून काढला जातो. उदाहरणार्थ, एखादी नोंद आसपासच्या नोंदींपेक्षा ठरावीक मर्यादेहून अधिक वेगळी असेल, तर ती वगळावी. असे नियम क्रमाने लिहिले की संगणक प्रत्येक क्षेत्रावर तीच प्रक्रिया न थकता करतो.

याचे ठळक उदाहरण खोडद येथेच घडले. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवर आकाशाचे सर्वेक्षण केले. निरीक्षणांना २००० हून अधिक तास लागले. तथापि प्रारंभी त्यांतील काही भागाचीच चित्रे प्रसिद्ध होऊ शकली. पुढे हुइब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहातील त्याच नोंदी ‘स्पॅम’ या स्वयंचलित आज्ञावलीतून काढल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आकाशाच्या सुमारे ९० टक्के भागाची चित्रे आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची सूची आहे. दुर्बीण तीच होती आणि नोंदीही त्याच. फरक पडला तो प्रक्रियेच्या पद्धतीमुळे.

पडताळणी हवीच

स्वयंचलन हे विवेकाला पर्याय नव्हे. आज्ञावली जशी योग्य कृती हजारो वेळा करते, तशीच तिच्या नजरेतून सुटलेली उणीवही हजारो ठिकाणी राहते. २०१७ मध्येच नताशा हर्ली-वॉकर यांनी वरील सूचीची तुलना ऑस्ट्रेलियातील मर्चिसन दुर्बिणीच्या सर्वेक्षणाशी केली. तेव्हा आकाशाच्या काही भागांत तेजाच्या प्रमाणात फरक आढळला आणि तो दुरुस्त करणारी सुधारित सूची त्यांनी उपलब्ध करून दिली. अशी तपासणी शक्य झाली, कारण दोन्ही सर्वेक्षणांचे निष्कर्ष सर्वांना खुले होते.

आज्ञावलीचा दुसरा मोठा लाभ हाच आहे. हाताने केलेल्या कामात कोणती नोंद का वगळली, हे बहुधा करणाऱ्याच्या स्मरणातच राहते. आज्ञावलीत मात्र तो निर्णय लेखी असतो. दुसरा संशोधक तो वाचू शकतो, त्यावर आक्षेप घेऊ शकतो आणि तेच काम पुन्हा करून पाहू शकतो. जीएमआरटीच्या नोंदींसाठी पायथन भाषेत लिहिलेली ‘कॅप्चर’ ही आज्ञावलीही अशीच सर्वांना खुली आहे.

ज्यांचा संबंध रोज नोंदवह्या व तक्त्यांशी येतो, त्या कार्यालयांना आणि शाळांनाही हे तत्त्व परके नाही. संग्रहात पडून राहिलेली नोंद ही केवळ शक्यता असते. नियम स्पष्ट लिहिले, सर्वांना सारखे लावले आणि निष्कर्ष पडताळणीसाठी खुले ठेवले, म्हणजेच तिचे ज्ञानात रूपांतर होते.