भाकर थापताना आनापान

इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. दहा दिवसांचं शिबिर, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, पहाटे चारला उठणं, शुल्क काहीच नाही. पण ताई, चिखली-मेहकरकडे कापूस वेचायला जाणाऱ्या, घरी तान्हं लेकरू असलेल्या बाईला दहा दिवस कोण सोडणार?

सतिपट्ठान सुत्तात चालणं, बसणं, खाणं, पिणं, अगदी शौचाला जाणंसुद्धा सजगतेच्या अभ्यासात मोजलं आहे. मग भाकर थापताना का नाही? हाताला लागणारं ओलं पीठ, तव्याची धग, नाकातून येणारा-जाणारा श्वास, एवढंच जाणत राहायचं. श्वास रोखायचा नाही. चुलीपुढे डोळे मिटायचे नाहीत. मन पोरांच्या फीकडे पळालं, की परत आणायचं, ते पळणारच. अंगावर पाजताना तर सगळ्यात सोपं, तेव्हा बसावंच लागतं. लेकरावर हात उगारला जातोय असं वाटलं, की आधी तीन श्वास सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात.

मात्र चिडचिडीमागे दरवेळी मनच नसतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं, तर थकवा येतो, धाप लागते. ध्यानाने रक्त वाढत नाही; तपासणी करा, सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्या. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनीही रडू थांबत नसेल, तर आशाताईला सांगा. जीव नकोसा वाटला, तर त्याच दिवशी टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

आणि घरातल्या दादांनो, सकाळी पंधरा मिनिटं लेकरू तुमच्याकडे घ्या.