उदराची कैफियत

मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याला २०२४ साली तीस वर्षे झाली, तेव्हा शल्यविशारदांचा आणि दात्यांचा यथोचित गौरव झाला. परंतु शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या उदरात जी यातना वर्षानुवर्षे चालते, तिची कैफियत कोणाच्या दप्तरी दाखल झाली नाही, याचा मांडवगण फराट्यातील आमच्या कुटुंबास विषाद वाटला.

या यातनेचे मूळ रोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांत आहे. त्यांचा आरंभीचा काळ थोडक्यात आटोपतो. अझाथायोप्रिन आणि प्रेडनिसोलोन यांवर प्रथम सारी भिस्त होती. पुढे १९८३ साली अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला, १९९५ साली मायकोफिनोलेटला मान्यता मिळाली आणि रोपित मूत्रपिंडे अधिक टिकू लागली.

आमच्या घरी या औषधांचा अंमल सुरू झाला तो २००० नंतरच्या दशकात, थोरल्या बंधूंना आईचे मूत्रपिंड बसवल्यावर. बारा-बारा तासांनी गोळ्या, आणि पाठोपाठ मुरडा, मळमळ, पातळ शौच. उसाला पाणी धरताना अर्ध्या वाफ्यात फावडे टाकून धावावे लागे, म्हणून त्यांनी शेत सोडले, आणि पुढे लग्नाच्या पंगतीही. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने घरी सोडताना दिलेल्या कागदावर पोटाविषयी एक ओळ नव्हती. गावात "काहीतरी बाधलं असेल" म्हणून जुलाब थांबवण्याची गोळी मिळे, आणि खरा धोका तसाच राही. कारण आतड्याच्या अस्तरातील विकरे बंधूंच्या गोळ्यांतील टॅक्रोलिमस या औषधाचा मोठा अंश रक्तात पोचण्यापूर्वीच नष्ट करतात, आणि जुलाबाने अस्तर दुखावले की तो पहारा उठून रक्तातील मात्रा चढते व मूत्रपिंडालाच अपाय होतो.

त्यात पाणी. ज्या भीमेचे पाणी आम्ही लहानपणी ओंजळीने प्यालो, तिला वर रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी घेऊन मिळते. प्रतिकारशक्ती दबलेल्या देहाला त्यातील जंतू पुरेसे. हा जुलाब औषधाचा की जंतूंचा, हे शौचतपासणीवाचून ठरत नाही, आणि तपासणीवाचूनच कित्येक वर्षे गेली. अखेर एका डॉक्टरांनी मायकोफिनोलेटची तीच मात्रा दिवसात अधिक वेळा विभागून दिली, तेव्हा बंधू पोटभर जेवले. इतका साधा उपाय इतक्या उशिरा मिळावा, हा अन्याय आहे.

औषधाची रक्तातील मात्रा तपासण्यास आम्हाला आजही पुणे गाठावे लागते. ही सोय तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, ही सरकारकडे मागणी. आणि रुग्णांना कळकळीची विनंती, की जुलाब लागले तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवा.